पट्टीखालची हनुवटी

शहापुरात राहायला आल्यावर वर्षभरात मी फोटो साफ करून देणारी बाई झाले. तसं ठरवलेलं नव्हतं. मुंबईत एका दैनिकाच्या फोटो डेस्कवर मी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. नोकरी संपल्यावर आसनगाव स्टेशनजवळ घर घेतलं, जुना संगणक आणला, आणि शेजारणीच्या मुलीच्या साखरपुड्याच्या फोटोतून एक कुत्रा काढून दिला. कुत्रा नेमका नवऱ्यामुलाच्या पायाशी पाठ खाजवत बसला होता. त्यानंतर लोक येऊ लागले.

मागण्या ठरावीक असत. लग्नाच्या फोटोतून लाल प्लास्टिकची खुर्ची काढा. नव्या घराच्या फोटोतून विजेचा खांब काढा. बॅनरसाठी आणलेल्या फोटोतून एक पुढारी काढा, आणि निवडणूक झाल्यावर तोच परत घाला. किन्हवलीकडच्या एकाने बैलजोडीचा फोटो आणला होता. त्याला कासरा धरून उभा असलेला भाऊ नको होता, पण कासरा हवा होता, कारण तो नवा होता. मी भाऊ काढला. कासरा हवेत ताणलेला राहिला. त्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. "बैल सुटणार नाय ना," एवढंच तो म्हणाला.

डेस्कवर आमचा नियम होता. फोटो कापावा, उजळावा, गडद करावा. जे फोटोत आहे ते काढू नये आणि जे नाही ते घालू नये. इथे येणाऱ्यांना मी सुरुवातीला हा नियम सांगून पाहिला. ते ऐकून घेत आणि पुन्हा खांबावर बोट ठेवत. "पेपरात छापायचा नाय हो, भिंतीवर लावायचाय," असं बैलवाला म्हणाला होता. पेपरात जे खोटं ते भिंतीवर खरं कसं, हे मला सांगता आलं नाही, आणि तो चुकतोय असंही ठामपणे म्हणता आलं नाही. मी काम करत राहिले.

या कामाबद्दल एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. फोटोतून काहीच काढता येत नाही. खांब काढला तर खांबाच्या जागी भोक पडतं, आणि ते बुजवावं लागतं. बाजूचं आभाळ आणून तिथे लावायचं, भिंत असेल तर भिंत, गवत असेल तर गवत. पूर्वी हे हाताने करावं लागे. आता सॉफ्टवेअर स्वतःच करतं. नको त्या वस्तूभोवती रेघ ओढायची, बटण दाबायचं, आणि तिच्या मागे काय असेल याचा अंदाज घेऊन ते तिथे काहीतरी रंगवतं. ते काहीतरी बहुतेक वेळा इतकं पटण्यासारखं असतं की आपण विचारतच नाही. खांबामागे आभाळच असणार. पण माणसाच्या चेहऱ्यावरून काही काढायचं असेल तर काय, हा प्रश्न माझ्यासमोर आला तो एका मुलीमुळे.

मुलगी म्हणजे तिशीतली बाई. किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यात तिचं घर. कल्याणला कपड्याच्या दुकानात कामाला जायची, रोज आसनगावहून. माझ्या घरावरून तिचा रस्ता होता, त्यामुळे तोंडओळख होती. एका सुट्टीच्या दिवशी ती ओढणीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आली आणि ती माझ्या टेबलावर उघडली. साठीच्या आसपासच्या बाईचा फोटो होता. केस मागे घेतलेले, चेहरा हसरा, कातडी स्वच्छ.

"ताई, कसा आलाय?"

"छान आलाय. कोण?"

"आई." तिने काचेवरून ओढणी फिरवली. "बाबांना दाखवला. बाबा म्हणाले, बरी हाय बाई, कोन ही?"

मला वाटलं वडिलांची आठवण गेली असेल. ती म्हणाली, तसं काही नाही. कुठल्या शेतात कोणत्या साली काय पेरलं ते सगळं सांगतात. आईचा हा फोटो मात्र त्यांना ओळखू आला नाही, आणि त्यांनी तो चुलीच्या खोलीत नेऊन उलटा ठेवला. परक्या बाईचा फोटो समोरच्या भिंतीवर कशाला, म्हणाले.

आई गेल्याला वर्ष होत आलं होतं. महिनाभरात वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी फोटो पाटावर ठेवतात, येणारे फूल वाहतात, आणि मग तो भिंतीवर चढतो तो कायमचा. दहाव्याला फोटोच नव्हता, पाटावर नुसता तांब्या ठेवला होता. मुलीला आता बाकी काही नको होतं, फक्त एवढंच: त्या दिवशी बाबांनी फोटोकडे बघून आईला ओळखावं.

फोटो एकच का, असं मी विचारलं. लग्नांतले पुष्कळ होते. पण कोणी फोटो काढायला लागलं की आई पदराचं टोक तोंडावर धरायची, ओठ आणि हनुवटी झाकून. ही तिच्या वयाच्या बायकांची सवयच होती. आधार कार्डावर तोंड उघडं होतं, पण तो फोटो पांढराफटक झालेला, त्यात नाक कुठे संपतं तेही कळत नव्हतं. कल्याणच्या हॉस्पिटलात मात्र पदर नव्हता. मुलीने खाटेवर शेजारी डोकं टेकवून दोघींचा सेल्फी काढला आणि आई हसली. तोच हा. तेव्हा आईच्या नाकात नळी होती.

"ती नळी मीच काढली," मुलगी म्हणाली. "फोनात काढली. बोट घासलं की जाते. बाजूला मी होते, मलापन काढलं. मग स्टुडिओतून मोठा करून घेतला."

मी मूळ फोटो मागितला. तो तिच्या फोनमध्ये होता.

मूळ फोटोत नळी नाकातून निघून खाली येत होती आणि हनुवटीवर रुंद पांढऱ्या चिकटपट्टीने बसवलेली होती. पट्टी ओठाखालून जबड्यापर्यंत गेलेली. फ्रेममध्ये त्या जागी गुळगुळीत हनुवटी होती. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि मला फरक कळला, तो नळीचा नव्हता.

"आईच्या हनुवटीवर काही होतं का?"

"गोंदन," ती लगेच म्हणाली, आणि पुन्हा फ्रेमकडे बघायला लागली. तिच्याही तेव्हाच लक्षात आलं असावं. फोनने पट्टी काढली होती आणि पट्टीखाली काय आहे ते फोनला माहीत नव्हतं. त्याने साधी हनुवटी काढून दिली होती. कपाळावरचा गोंदलेला ठिपकाही त्याने डाग समजून पुसला होता. तो मूळ फोटोत दिसत होता, म्हणून परत आणता येणार होता. हनुवटीचं तसं नव्हतं.

"किती ठिपके होते?"

"तीन. असे." तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवले, आडव्या ओळीत. मग बोट हलवलं. "नाय, असे." आता ते त्रिकोणात होते.

तिने घरी वहिनीला फोन लावला. वहिनीचं म्हणणं फोनबाहेर मला ऐकू येत होतं. पाच होते, असं ती म्हणाली. मधे एक आणि चार बाजूंना. "मी रोज डोक्याला तेल लावत व्हते त्यांच्या, मी सांगते ना." मुलगी म्हणाली, "तू मागून लावायचीस गो तेल." त्यावर वहिनीने फोन ठेवला.

डेस्कवर दोन जणांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली की ती पक्की धरत. इथे दोन जणींनी एकमेकींना न विचारता सांगितलं आणि दोन गोंदणं झाली.

मी संगणकावर काम सुरू केलं, निदान नळी नीट निघते का ते पाहावं म्हणून. पट्टीभोवती रेघ ओढली, बटण दाबलं. सॉफ्टवेअरने निवडीसाठी तीन हनुवट्या दिल्या. एक टोकदार, एक गोल, एकीला मधे हलकी खळी. मुलगी स्क्रीनजवळ आली.

"यातली आईची कुठली?"

"एकही नाही."

"मग ह्या कोनाच्या?"

मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की या यंत्राने पुष्कळ चेहरे पाहिलेले असतात, आणि अशा चेहऱ्याला बहुधा कशी हनुवटी असते तेवढंच ते रंगवतं. बोलताना माझ्या लक्षात आलं की मलाही ते नीट माहीत नाही.

"म्हनजे कोनाकोनाच्या आयांच्या," ती म्हणाली.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी निघाली. खाटेवरच्या चादरीच्या काठावर हॉस्पिटलची अक्षरं छापलेली होती आणि ती उलटी होती, आरशात दिसतात तशी. तिच्या फोनचा पुढचा कॅमेरा फोटो उलटा करूनच साठवत होता. म्हणजे आईची डावी बाजू उजवीकडे आली होती. मी फोटो सरळ केला. अक्षरं वाचता येऊ लागली. मुलीने पाहिलं आणि मान हलवली.

"ही आई नाय वाटत."

"आता सरळ झाली. तू समोरून बघायचीस ती अशी."

"मी वर्षभर फोनात बघत्येय. ती अशी नाय." मग ती म्हणाली, "समोरून कशी होती ते आता मला कुठं आठवतंय?"

मी तिला दोन्ही प्रती काढून दिल्या, सरळ आणि उलटी, दोन्ही नळीसकट, आणि वडिलांना दाखवायला सांगितलं. पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर तिच्या घरीच गेले, कारण तिथून पुढे टोकावड्याकडे तिच्या मावशीकडे जायचं ठरलं होतं. आईची ही बहीण. दोघींनी लहानपणी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदून घेतलं होतं, असं मुलीला ऐकून माहीत होतं. मावशीच्या हनुवटीवर जे असेल ते आईच्याही असणार. मला हा पुरावा चांगला वाटला.

वडील अंगणात भाताच्या पेंढ्याचे भारे बांधत होते. मुलीने दोन्ही प्रती त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हात पुसले, एक घेतली, मग दुसरी.

"बाबा, कुठली आई?"

"दोन्ही तीच." त्यांनी प्रती अदलाबदल करून पाहिल्या. "एक येताना, एक जाताना."

"आणि फ्रेमातली?"

"ती कोन तरी दुसरी."

गोंदणाचं विचारल्यावर ते म्हणाले, होतं काहीतरी. किती ठिपके, कुठे, हे त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही अडचणीचं विचारल्यासारखं. "बायकोच्या तोंडाकडं बघून मोजत बसतं का कोनी?" ते म्हणाले आणि पुन्हा भारा आवळायला लागले.

एक गोष्ट मला त्या दिवशी समजली नाही आणि अजूनही समजत नाही. नळी आणि पट्टी असलेल्या फोटोत हनुवटी मुळीच दिसत नव्हती, तरी तो त्यांना ओळखू येत होता. हनुवटी दिसत असलेला येत नव्हता. मग नळीचाच राहू दे, असं मी मुलीला सुचवलं. ती एकदम कडक झाली. "आई आठ दिवस त्या नळीला हात लावत होती, काढा काढा म्हनत होती. भिंतीवर जन्मभर तीच लटकवू?"

सरळगावला गाडी बदलून आम्ही टोकावड्याला उतरलो आणि तिथून रिक्षाने मावशीच्या पाड्यावर गेलो. मावशी ओसरीवर नाचणी पाखडत होती. भाचीला बघून तिने सूप खाली ठेवलं. मी कोण ते तिला सांगून झाल्यावर ती मला म्हणाली, "ये बाय, बस. फोटोवाली ना? माझा नको काढू, मी आंघोळ केली नाय."

तिच्या हनुवटीवर दोन ठिपके होते. हिरवट, पसरलेले, ओठाखाली डावीकडे. मुलगी खाली वाकून पाहत राहिली.

"मावशे, दोनच?"

"मी पळाले गो." मावशीने सांगितलं, त्यात लाजेचा भाग नव्हता. "दोन टोचले नि पळाले. करवंदीत लपून बसले दिसभर. तुझी आई बसली. ती बसनारीच."

"मग तिला किती टोचले?"

"मी पळाले म्हनून सांगते ना. मला काय ठावं?"

"घरी आल्यावर बघितलं असशील."

"घरी आले तवा तिचं तोंड सुजलेलं, एवढं. सुजेत काय मोजनार?"

"आणि सूज उतरल्यावर?"

मावशीने यावर खरंच विचार केला. "मग कोन बघतं? रोजचं तोंड ते." मग तिने स्वतःच्या हनुवटीवर हात फिरवला. "माझे अपुरे, म्हनून माझे मला म्हाईत. तिचे पुरे झाले, तिकडं लक्षच गेलं नाय."

गोंदणारी बाई ठिपके टोचताना कुठून सुरुवात करायची, डावीकडून की मधून, हे मी विचारलं. मावशी म्हणाली, तिला स्वतःला डाव्या बाजूला पहिला टोचला. पण बहीण तिच्यासमोर बसली होती, आणि गोंदणारी दोघींच्या मध्ये, एकदा इकडे एकदा तिकडे वळत. तेव्हा बहिणीचा पहिला ठिपका तिच्या डाव्या बाजूला की उजव्या, यावर मावशी आणि भाची यांच्यात बराच वेळ गेला. दोघी एकमेकींसमोर बसून हात पुढे करून बघत होत्या. मी लिहून घ्यायला लागले आणि थोड्या वेळाने थांबले.

मुलीने फोनवर मूळ फोटो काढून मावशीला दाखवला. मावशीने बहिणीला त्या अवस्थेत पाहिलं नव्हतं, हॉस्पिटलपर्यंत ती पोचू शकली नव्हती. तिने फोन दोन्ही हातांत धरला. मग नळीवर अंगठा ठेवला, झाकायला, तसा फोटो एकदम मोठा झाला आणि पडद्यावर नुसता एक डोळा आला. तिने घाबरून फोन परत दिला.

"हे काढ बाय," ती मला म्हणाली. "नि गोंदन घाल. बाई मेली की अंगावरचं सगळं इथंच राहतं. डोरलं, बांगड्या, सगळं. गोंदन तेवढं संगट जातं. त्याच्यावरनं तिकडं ओळखतात. तुमी इकडं भिंतीवर बिनगोंदनाची लावली तं ती कोनाची नि कोन?"

"किती घालू?" मी विचारलं.

"ते तुमी बघा. तुमी शिकल्याल्या." तिने सूप पुन्हा उचललं.

टोकावड्याला परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही रस्त्यालगतच्या ढाब्यावर चहा घेतला. घाटाकडून येणाऱ्या गाड्या भरून येत होत्या. मुलगी म्हणाली, "तुमी तीन घाला, ताई. ओळीत. कोनाला काय कळतंय?"

तीन ठिपके घालणं चहा संपायच्या आत होण्यासारखं काम होतं. पण डेस्कवर असताना ज्याची खात्री नाही ते मी कधी छापायला सोडलं नव्हतं, आणि इथे खात्री नसल्याचीच खात्री होती. दुसऱ्या बाजूने, ठिपक्यांशिवायची हनुवटीसुद्धा माहितीतली नव्हती. तीही यंत्राने अंदाजाने काढलेलीच होती. तिथे काही नव्हतं असं दाखवणं हेही खोटंच. यांतलं कमी खोटं कोणतं, ते मला त्या बाकावर बसून ठरवता आलं नाही.

गाडी आली तेव्हा मुलीनेच विषय संपवला. "नको घालूस. तीन घातलेस ना, तर पुढल्या वर्षी मला तीनच आठवतील. मग मी सगळ्यांशी भांडेन, तीनच होते म्हनून." ती नकळत मला अगंतुगं करत होती. मला ते बरं वाटलं.

मग मी जे केलं ते असं. फोटो सरळ केला. नळी आणि पट्टी काढली. कपाळावरचा ठिपका मूळ फोटोतून जसाच्या तसा परत आणला. सुरकुत्या ठेवल्या. यंत्राने दिलेल्या तिन्ही हनुवट्या बाजूला सारून, आईच्याच गालाची कातडी थोडी थोडी घेऊन हनुवटी जुन्या पद्धतीने हाताने भरली. ती मोकळी ठेवली. मुलीने फोटो शहापुरात फ्रेम करून घेतला. नेताना ती म्हणाली, "बाबा ओळखनार नायत."

वर्षश्राद्धाला मी सकाळी पोचले. पुढच्या खोलीत भिंतीशी पाट मांडलेला आणि त्यावर फ्रेम तिरकी टेकवलेली. फ्रेमवाल्याने काच आणि फोटो यांच्यामध्ये आतून जाड सोनेरी पट्टी घातली होती, त्यामुळे काचेच्या मागे फोटो थोडा खोल बसला होता. लोक येत होते, वाकून फूल वाहत होते, काचेवर कपाळाच्या जागी गंध लावत होते. वडील पाटाच्या उजव्या हाताला, बाजूच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. ते आलेल्या माणसांशी बोलत होते, फोटोकडे बघत नव्हते. कोणी "चांगला आलाय हो" म्हणालं की ते मान हलवत, दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीला हलवावी तशी. मुलगी आत-बाहेर करत होती आणि प्रत्येक वेळी बाहेर आली की आधी वडिलांकडे बघत होती.

मावशी उशिरा आली. तिने फोटो पाहिला आणि ती सरळ चुलीच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या तळहातावर तव्याच्या बुडाची काजळी होती, तेलात खललेली, आणि उजव्या हातात केरसुणीची एक काडी. ती पाटासमोर मांडी घालून बसली आणि तिने काचेवर हनुवटीच्या जागी एक ठिपका लावला.

वडिलांनी वळून पाहिलं.

"गालावर गेला," ते म्हणाले.

"हनुवटीवरच हाय, भावजी."

"गालावर हाय. इकडं घे, माझ्याकडं."

मावशीने पदराने ठिपका पुसला आणि थोडा त्यांच्या बाजूला लावला. तिच्या जागेवरून तो आता हनुवटी सोडून गेला असणार, कारण ती म्हणाली, "आता मानेवर आला की."

"वर. अजून वर. ओठाच्या खाली होता तो."

"तुमाला ठावं होतं तर आधी का नाय बोल्लात? पोरगी गावोगाव फिरली."

"मला कुठं ठावं? तू चुकीचा लावलास म्हनून दिसला."

मावशीने लावला. मग दुसरा. दुसऱ्याला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला, दोनदा पुसायला लावला. मावशी पुटपुटत होती, की इतकी वर्षं संसार केला तो काय डोळे मिटून का. ते तिच्याकडे लक्ष देत नव्हते. पुढे सरकून, मान थोडी कलती करून, ते फक्त काडीच्या टोकाकडे बघत होते. तिसरा ठिपका तिने आपल्या अंदाजाने खाली लावला, तो त्यांनी ठेवू दिला. चौथ्यासाठी तिने काडी काजळीत बुडवली तेव्हा ते म्हणाले, "बास."

"पाच होते," वहिनी दारातून म्हणाली.

"बास म्हनलं ना. आता पुसू नका कोनी तिला."

मुलगी तेव्हा खोलीच्या मधोमध उभी होती. मी दाराशी. माझ्या जागेवरून ते तिन्ही ठिपके फोटोतल्या हनुवटीवर नव्हते. ते खाली, गळ्यावर पडले होते, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. मी डावीकडे सरकले तसे तेही सरकले. ठिपके काचेवर होते आणि चेहरा मागे, खोल, त्यामुळे बघणारा जिथे असेल त्याप्रमाणे ते जागा बदलत होते. मावशीच्या जागेवरून ते एकीकडे होते, माझ्या जागेवरून दुसरीकडे; हनुवटीवर ते फक्त वडील बसले होते तिथून येत असणार. मुलीनेही ते पाहिलं असावं. ती वडिलांजवळ गेली, त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आपलं डोकं आणलं. तिथून ती फोटोकडे बघत राहिली. तिला ठिपके कुठे दिसतायत ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"दिसतात का?" मी विचारलं.

तिने वडिलांना कोपराने हलकेच ढकललं. "बाबा, जरा सरका ना. नीट बघू द्या."

"कशाला?" वडील म्हणाले. ते फोटोकडेच बघत होते. "तिकडनं मला ती दिसत नाय."